उजवीकडची रिकामी खुर्ची

छत्तीसगढात दुर्गच्या बोरसीत कृष्णराव लांजेवारांचं घर कुठलं असं विचारलं, तर पानठेल्यावरचा माणूस आधी उलट विचारतो, "कौन, पायलट वाले?" हे नाव पहिल्यांदा पडलं ते कृष्णरावांमुळेच. रेल्वेनं ड्रायव्हरचं नाव बदलून लोको पायलट केलं तेव्हा गल्लीतल्या लोकांनी त्यांची थट्टा केली होती. कृष्णराव हसून म्हणाले होते, "कागदावर पायलट. आमी ड्रायव्हरच." पुढं त्यांची धाकटी लेक उन्नती खरोखरची, विमानाची पायलट झाली आणि थट्टेतलं नाव घराला कायमचं चिकटलं.

कृष्णराव मूळचे आमगावकडचे. घरी धानाची शेती होती, भाऊ पुष्कळ होते, म्हणून हे रेल्वेत लागले. आधी असिस्टंट, मग चरोद्याच्या यार्डातून निघणाऱ्या मालगाड्यांवर ड्रायव्हर, शेवटची काही वर्षं मेल-एक्सप्रेसवर. दुर्ग ते नागपूर, नागपूर ते दुर्ग. सगळी उमर त्या एका लाइनीवर गेली.

इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की ड्रायव्हर मोठ्यानं बोलतो आणि असिस्टंट तोच पुन्हा बोलतो. दोघांचं जुळलं तर गाडी पुढं. कृष्णरावांना त्याची इतकी सवय होती की सुटीच्या दिवशी स्कूटरवर मागं अंजनाबाई बसलेल्या असल्या, तरी पटेल चौकातला दिवा पाहून ते "यलो" म्हणायचे आणि बायको काही बोलली नाही तर मान वळवून बघायचे. अंजनाबाई वैतागून म्हणायच्या, "दिसते मले बी. चला आता."

बरीच वर्षं त्यांचा असिस्टंट बाबुलाल होता, धमध्याकडचा छत्तीसगढी माणूस, कमी बोलणारा. एकदा दरेकसाच्या पुढं दाट धुक्यात कृष्णरावांनी शेजारच्या लाइनचा हिरवा सिग्नल आपला समजून "ग्रीन" म्हटलं. बाबुलालनं ते पुन्हा म्हटलं नाही. तो खिडकीतून वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "भैया, ये हमर नोहय." हा आपला नाही. कृष्णरावांनी ब्रेक लावला. त्यांचा सिग्नल लाल होता आणि पुढं एक मालगाडी उभी होती. डोंगरगढला दोघांनी चहा घेतला, बाबुलालनं बिडी ओढली, आणि त्या गोष्टीवर दोघांत कधी बोलणं झालं नाही. ड्रायव्हरकीत अशा गोष्टी होतात. असिस्टंट त्यासाठीच असतो, असं कृष्णराव धरून चालले.

उन्नती गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवर विमान शिकली. ती शिकून निघाली त्या वर्षात मोठ्या एअरलाइनवाल्यांची भरती बंद होती. तेव्हा भिलाईतल्या एका कारखानदाराकडे तिला नोकरी लागली. त्यांना सगळे भय्याजी म्हणत. रोलिंग मिल इथं, दुसरा कारखाना विशाखापट्टणमला, सासर इंदूरला. म्हणून त्यांनी एक छोटं जेट घेतलं होतं. सहा-सात माणसं बसतील एवढं. ते रायपूरला मान्याच्या विमानतळावर उभं असे. डाव्या खुर्चीवर कॅप्टन विजयकुमार, उजव्या खुर्चीवर त्यांच्या मदतीला दुसरी पायलट म्हणून उन्नती. विजयकुमार थकले आणि आपल्या गावी केरळात निघून गेले, तेव्हा उन्नती डाव्या खुर्चीवर आली. उजवीकडे पराग नावाचा मुलगा आला. त्याला लवकरच एअरलाइनची नोकरी मिळाली आणि तोही गेला. नंतर कुणी मिळेना.

एका संध्याकाळी जेवताना उन्नतीनं सांगितलं की आता ती एकटीच उडवणार आहे.

कृष्णरावांचा घास हातातच राहिला. "एकटी म्हणजे?"

"एकटी म्हणजे एकटी, बाबा. विमानच तसं बनवलं आहे. एकाच पायलटनं चालवता यावं असं. मी त्याची वेगळी ट्रेनिंग केली, परीक्षा पास झाली. सिम्युलेटरवर त्यांनी इंजिन बंद केलं, धूर केला, सगळं केलं. मी एकटीनं उतरवून दाखवलं."

"आन सरकार चालू देते असं?"

"भय्याजींचं स्वतःच्या कामाचं विमान आहे. तिकीट काढून लोकं थोडीच बसून राहिले त्याच्यात. नियमात बसते सगळं."

"पन तुले काही झालं त?"

"मले काय होणार आहे? अभी तीस की भी नहीं हुई मैं." तिनं भाजी वाढून घेतली. मग बापाचा चेहरा पाहून जरा सावकाश बोलली, "बाबा, दोन पायलट असलेली विमानं पण पडतात. कधी कधी दोघं एकमेकांच्या भरवशावर बसतात आन कोणीच बघत नाही. तुमच्या इंजिनात नाही होत का असं?"

होत होतं. दोघंही पेंगलेले, दोघांनाही सिग्नल दिसला नाही, असे प्रकार कृष्णरावांनी ऐकले होते, आणि त्यातल्या एका गाडीतला ड्रायव्हर त्यांच्याच बॅचचा होता. लेक चुकीचं बोलत नव्हती. तिच्या विमानातल्या यंत्रांबद्दल त्यांना काडीचं कळत नव्हतं. रेल्वेतली गोष्ट विमानाला लावायची की नाही, तेही ठरवता येईना. ते म्हणाले, "होते बा तसं," आणि जेवण संपवलं.

त्यानंतर उन्नती वर्षभर एकटी उडत राहिली आणि काहीही झालं नाही. इंदूर, विशाखापट्टणम, दिल्ली. भय्याजी तिची तारीफ करत. कृष्णरावांनी रोज विचारणं सोडलं. अंजनाबाईंनी तर कधीच विचारलं नव्हतं. त्यांच्या हिशेबी विमान म्हणजे विमान, त्यात एक बसला काय आणि दहा बसले काय.

हिवाळ्यात नागपूरला कृष्णरावांच्या पुतण्याचा, भूषणचा साखरपुडा होता. अंजनाबाईंचा गुडघा दुखत होता म्हणून ते एकटेच गेले. दुसऱ्या दिवशी उन्नती भय्याजींना नागपूरला सोडायला आली. परत जाताना विमान रिकामंच जाणार होतं. तिनं भय्याजींना विचारलं, ते म्हणाले, "अरे, विचारायची काय गोष्ट आहे? काकांना घेऊन जा, पुढं बसव." कृष्णराव कधी विमानात बसलेच नव्हते. लेकीनं त्यांना उजव्या खुर्चीवर बसवलं, पट्टे आवळले, कानावर हेडसेट घातला.

"बाबा, एक गोष्ट. खाली उतरायला लागलो की माझ्याशी बोलायचं नाही. एक शब्द नाही. आन कशाले हात लावायचा नाही. पायाखाली पेडल आहेत, पाय मागं घ्या."

"हाव."

"भीती वाटून राहिली?"

"नाही वाटून राहिली," ते म्हणाले. आणि ते खरं होतं. विमान धावपट्टी सोडून वर गेलं तेव्हा त्यांनी डावीकडे लेकीकडे बघितलं. तिचे हात इकडून तिकडे जात होते, रेडिओवर ती इंग्रजीत भराभर बोलत होती, आणि त्यांना वाटलं, आपण उगाच घोर लावून घेतला होता. विमान वर जाऊन सरळ झालं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवून दाखवले. "बघा. आता तोच चालवतो." म्हणजे ऑटोपायलट.

खाली त्यांची लाइन होती. गोंदियाच्या पुढचं जंगल, मग डोंगरगढची टेकडी, तिच्यावर मंदिराचा पांढरा ठिपका. रुळांवर एक मालगाडी चालली होती आणि ती हलत आहे की उभी आहे तेच कळत नव्हतं. कृष्णरावांनी वाकून पाहिलं. आयुष्यभर ज्या चढावर त्यांनी इंजिनाला जोर लावला, तो चढ वरून दिसतच नव्हता. ते लेकीला हे सांगायला वळले.

उन्नती खुर्चीत एका बाजूला वाकून बसली होती. एक हात कमरेत मागं दाबलेला.

"काय झालं?"

"पाठीत कळ आली. बसून बसून आली असेल."

तिनं पाणी मागितलं. त्यांनी बाटली दिली. दोन घोट घेऊन तिनं बाटली परत केली, तेव्हा तिची बोटं ओली होती. चेहऱ्यावर घाम होता आणि ओठ पांढरे पडत चालले होते. कळ पाठीतून पोटात उतरत होती, हे तिच्या हातावरून दिसत होतं. ती खुर्चीतल्या खुर्चीत वळत होती, आणि कसंही वळलं तरी तिला बरं वाटत नव्हतं.

"नागपूरले फिरव परत."

"रायपूर जवळ आहे आता." तिनं दात आवळले. "बाबा, त्या खिशात पिशवी आहे. कागदाची. द्या."

त्यांनी पिशवी काढून दिली आणि तिला ओकारी झाली. हेडसेटमध्ये खालच्या कंट्रोलवरून कुणीतरी त्यांच्या विमानाचं नाव घेऊन काहीतरी विचारत होतं. पुन्हा विचारलं. ती पिशवीवर वाकलेली होती. विमान आपलं आपलं पुढं चाललं होतं. समोर शेकडो आकडे, दिवे, दांडे, आणि कृष्णरावांच्या बरोबर समोर तेच सगळं दुसऱ्यांदा मांडलेलं, दुसऱ्या माणसासाठी. त्यांच्या गुडघ्यांपुढं एक पूर्ण हँडल होतं. ते आपोआप जरासं हलायचं. त्यांनी हात छातीशी धरून ठेवले.

"उन्नती, तुले आवाज देऊन राहिले ते."

तिनं तोंड पुसलं, बटण दाबलं, उत्तर दिलं. आवाज सरळ होता. बाहेरच्या माणसाला काही कळलं नसतं.

"मी काय करू, बेटा? सांग मले काहीतरी."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. पराग असता तर तिनं त्याला दहा कामं सांगितली असती. रेडिओ तू घे, विमान तू धर, मला जरा डोळे मिटू दे. बापाला काय सांगणार? "काही नाही, बाबा," ती म्हणाली. "बसा फक्त."

मग विमान खाली उतरायला लागलं. बोलायचं नव्हतं. कृष्णरावांनी रुमाल काढून तिच्या कपाळावरचा घाम पुसला, तोही भीत भीत, तिच्या नजरेआड हात येऊ नये म्हणून. धूसर हवेत खाली काही नीट दिसत नव्हतं. हेडसेटमधला माणूस भराभर बोलला. त्या बोलण्यातला एकच तुकडा कृष्णरावांना कळला, फाइव्ह थाउजंड. उन्नतीनं डोळे घट्ट मिटून उघडले, एक बटण फिरवलं आणि रेडिओवर म्हणाली, फोर थाउजंड.

कृष्णरावांचं तोंड उघडलं.

पाच म्हटलं होतं त्यानं, पाच हजार फूट. की आपल्यालाच तसं ऐकू आलं? की आधी पाच आणि मग चार, असं काही असतं? तिनं सांगितलं होतं, एक शब्द नाही. तिचं लक्ष उडालं तर? ती कशीबशी सगळं धरून होती. त्यांनी तोंड मिटलं.

हेडसेटमधला माणूस म्हणाला, "निगेटिव्ह. फाइव्ह थाउजंड." उन्नतीनं उंचीचा आकडा बदलला. मग तिनं रेडिओवर सांगितलं की पायलटची तब्येत बिघडली आहे, आधी उतरू द्या. पलीकडच्या माणसाचा आवाज बदलला, सावकाश झाला. त्यानंतर तो एकेक गोष्ट तुटक सांगत गेला आणि ती एकेक ऐकत गेली.

विमान आपटून उतरलं, उसळलं, पुन्हा टेकलं. धावपट्टीवरून बाजूला येईपर्यंत ती ताठ होती. इंजिनं बंद केली, एकेक बटण खाली केलं, आणि मग पट्टे सोडायला तिला जमेना. ते कृष्णरावांनी सोडले. उजव्या खुर्चीवर बसून त्यांना करता आलं ते एवढंच.

मूतखडा होता. रायपूरच्या एका खासगी दवाखान्यात तो काढला. डॉक्टर म्हणाले, मोठी गोष्ट नाही, पाणी पीत जा. पण उडायचा परवाना अडकला. पुन्हा तपासण्या, पुन्हा दिल्लीचे कागद, मूत्रपिंडात दुसरा खडा नाही हे दाखवायचं. उन्नती काही महिने घरी बसली. आईला तिनं एवढंच सांगितलं की विमानात पोट दुखलं.

चार आणि पाचची गोष्ट दोघांमध्येच होती. एकदा दुपारी गच्चीवर कृष्णरावांनी विचारलं, "तो माणूस बोलला नसता त?"

"बोललाच असता. त्याचं कामच आहे ते."

"मले ऐकू आलं होतं. पाच."

उन्नतीनं त्यांच्याकडे पाहिलं. "मग बोलले कावून नाही?"

"तूच म्हटलं होतं, बोलू नका."

ती म्हणाली, "तुम्ही बोलले असते तरी मी तुमच्यावर विश्वास ठेवला नसता, बाबा. सच में. मी म्हटलं असतं, चूप बसा." तिनं हे त्यांचं ओझं हलकं करायला सांगितलं होतं. ते हलकं झालं नाही.

परवाना परत येण्याआधी कृष्णराव भय्याजींना भेटायला गेले. लेकीला न सांगता. भिलाईत सिव्हिक सेंटरला वरच्या मजल्यावर भय्याजींचं ऑफिस होतं. भय्याजी सेक्टर सहात मराठी शेजाऱ्यांत वाढलेले, मोडकीतोडकी मराठी बोलत. त्यांनी कृष्णरावांना खुर्ची दिली, स्वतः उठून पंखा कमी केला, चहा मागवला. उन्नती आजारी होती तेव्हा ते दवाखान्यात दोनदा येऊन गेले होते. त्यांच्यावर रागवावं असं काही नव्हतं.

"भय्याजी, तिच्या संग दुसरा पायलट देता आला तर बरं होईल," कृष्णराव म्हणाले.

"काका, मी ठेवत नाही असं नाही. कोई टिकता ही नहीं. पराग आला, गेला. त्याच्या नंतर जाहिरात दिली. रायपूरला राहायला कोण तयार होते?" भय्याजी पुढं झुकले. "और एक बात बताऊँ? त्या विमानात मी बसतो. माझी बायको बसते, दोन्ही मुलं बसतात. मला डर वाटला असता तर मुलांना बसवलं असतं का?"

कृष्णरावांनी मनात बरंच जुळवून आणलं होतं, इंजिनातलं, धुक्यातलं, बाबुलालचं. तिथं त्या गार खोलीत ते बोलायला घेतलं असतं तर म्हाताऱ्या माणसाची कहाणी वाटली असती. ते कपाकडे बघत म्हणाले, "मी तिच्या बाजूले बसून होतो त्या दिवशी. मले काहीच करता नाही आलं."

भय्याजींनी आपला कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "ठीक है, काका. ढूँढते हैं."

आणि त्यांनी शब्द पाळला. भोपाळची टीना नावाची मुलगी आली. उन्नतीचा परवाना आला तोवर टीनाचं प्रशिक्षण झालं होतं. त्या दोघी उडायला लागल्या. टीना दोन-तीनदा बोरसीला जेवायला आली. अंजनाबाईंनी तिला झुणका आणि ज्वारीची भाकर खाऊ घातली. ती कृष्णरावांना अंकल म्हणायची, आणि उन्नती मॅडम किती कडक आहेत हे हसत हसत सांगायची. त्या काळात कृष्णराव सकाळी उठून बागेत काम करू लागले. दोडक्याचा वेल लावला. चरोद्याला जाऊन बाबुलालला भेटून आले. अंजनाबाई शेजारणीला म्हणाल्या, "यांची तब्येत सुधरली आता."

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात टीनाला एअरलाइनचं बोलावणं आलं. तिनं उन्नतीला मिठी मारली, कृष्णरावांच्या पाया पडली आणि गेली. तिला दोष कोण देणार? उन्नतीलाही तसं बोलावणं आलं असतं तर तीही गेलीच असती. पण एअरलाइनवाले तिचे आजाराचे कागद बघत आणि नंतर कळवतो म्हणत.

"सोडून दे," कृष्णराव एकदा म्हणाले. त्यांनी ते शब्द बरेच दिवस दाबून ठेवले होते.

"सोडून काय करू?"

"काही बी कर. शिकव पोरांले."

"बाबा, मी कॅप्टन आहे." तिचा आवाज चढला नव्हता. "मले ते येते आन मले ते आवडते. एकदा पोट दुखलं म्हणून मी जमिनीवर बसू? तुम्ही त्या धुक्यानंतर गाडी सोडली होती का?"

त्यांनी सोडली नव्हती. तिसऱ्या दिवशी ड्युटीवर गेले होते. पण बाजूला बाबुलाल होता, हे ते म्हणाले नाहीत. धुक्याची गोष्ट त्यांनीच कधीतरी तिला सांगितली होती, म्हणून ते तिलाही माहीत होतं. माहीत असून ती जात होती, म्हणजे आता सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

भय्याजींनी पुन्हा जाहिरात दिली. दोघं-तिघं येऊन बघून गेले. उजवी खुर्ची रिकामी राहिली. मग हळूहळू भय्याजीच तिच्यावर बसू लागले. त्यांना पुढून आकाश बघायला आवडे. हेडसेट लावून ते उन्नतीला विचारायचे, ये क्या है, वो क्या है. ती सांगायची. कृष्णरावांना हे तिनंच सांगितलं, गंमत म्हणून.

दिवाळीत भय्याजी स्वतः मिठाईचा डबा घेऊन बोरसीला आले. चपला बाहेर काढल्या, आत येऊन बसले, अंजनाबाईंच्या चिवड्याची तारीफ केली. तिरुपतीला जाऊन आलो म्हणाले, सगळे, बायको-मुलं, सासू-सासरे, विमान भरून.

"काका, तुमच्या मुलीनं असं नेलं की मुलं सारा रास्ता झोपले. उतरलो ते पण त्यांना समजलं नाही. बहुत बढ़िया पायलट है."

"छान झालं," कृष्णराव म्हणाले.

भय्याजी गेल्यावर अंजनाबाईंनी डबा उघडला. काजूकतली होती. त्यांनी आधी देवापुढं ठेवली, मग एक तुकडा नवऱ्याला दिला.

"आपल्या उन्नतीनं नेलं सगळ्यायले?"

"हाव."

"एकटीनं?"

"हाव."

"बघा बरं," अंजनाबाई म्हणाल्या आणि डबा घेऊन शेजारी वाटायला गेल्या. कृष्णरावांनी काजूकतली खाल्ली. मागच्या बाजूला टाकी भरून पाणी वाहत होतं. ते उठले आणि मोटर बंद करायला गेले.